सातबाराचा सात डिसेंबर

कार्यालयात वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं एक प्रश्न हटकून विचारतात. "पूर्वी टाइपरायटर आणि रजिस्टर होतं, तेव्हा साडेपाचला सायकल काढायचो. आता टेबलावर संगणक आहे, नेट आहे, प्रिंटर आहे, तरी एक यादी पूर्ण करायला रात्रीचे आठ वाजतात. असं का?"

मशीन जुनं आहे, नेट मंद आहे, वीज जाते, ही उत्तरं आपण ऐकतो आणि कधीकधी ती खरीही असतात. पण मी जितक्या टेबलांशी बसलो, तितक्या ठिकाणी वेळ खाणारी गोष्ट दुसरीच निघाली. यंत्र नवं होतं आणि त्याच्याकडून काम मात्र जुन्या यंत्राचं करून घेतलं जात होतं. त्यामुळे नेमकं काय बिघडतं, हे एका यादीपासून समजून घेऊ.

१. एक यादी

मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, लालबर्रा, कटंगीकडे नजर जाईल तिथवर बांध्या. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धान खरेदीचे दिवस जवळ आले की गावोगावी याद्या फिरू लागतात: शेतकऱ्याचं नाव, गाव, खसरा नंबर, रकबा, आधार क्रमांक, बँक खातं.

२०२५ च्या हंगामात अशीच तीनशे नावांची एक यादी तपासायला मी एका संस्थेत बसलो होतो. एक्सेलमध्ये केलेली, नीट रेघा आखलेली, ठळक अक्षरांत मथळे दिलेली. खसऱ्याच्या रकान्यात ११२/३ होतं, ते बरोबर. त्याच्या खाली '१२-मार्च'. आणखी चार ओळी खाली 'जुलै-६२'.

यादी करणारा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, कष्टाळू. तो गांगरला. "काका, मी १२/३ च टाकलं होतं. आईशपथ." त्याने तो रकाना निवडून 'टेक्स्ट' केला, म्हणजे तारीख जाऊन खसरा परत येईल या आशेने. तारीख गेली आणि तिथे ४५७२८ हा आकडा आला. आता तर कुणालाच काही कळेना.

मुलगा खरं बोलत होता. त्याने १२/३ च लिहिलं होतं. एक्सेलने ते पाहिलं, मधली तिरकी रेघ पाहिली आणि ही १२ मार्च तारीख असणार असा समज करून घेतला. वर्ष दिलेलं नव्हतं, म्हणून चालू वर्ष धरलं. एक्सेल तारीख तारीख म्हणून ठेवत नाही. १ जानेवारी १९०० ला १ हा क्रमांक देऊन पुढे दिवस मोजत जातं. त्या मोजणीत १२ मार्च २०२५ चा क्रमांक ४५७२८. ७/६२ चं तेच झालं: बासष्ट नावाचा महिना नसतो, म्हणून ते १९६२ सालचा जुलै ठरलं. ११२/३ वाचलं, कारण ११२ तारीखही होत नाही आणि महिनाही होत नाही.

नदीपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात खसऱ्याऐवजी गट नंबर असतो आणि जमिनीच्या उताऱ्याला सातबारा म्हणतात. कोऱ्या एक्सेलमध्ये ७/१२ लिहून एंटर दाबा. भारतीय पद्धतीच्या तारखा लावलेल्या मशीनवर सातबाराचा सात डिसेंबर होतो.

२. पोत्यावरची चिठ्ठी

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

धानाच्या पोत्याला बाहेरून चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर वाण लिहिलेलं असतं, वजन लिहिलेलं असतं. आत काय आहे ते मात्र पोतं उसवल्यावर कळतं. एक्सेलची प्रत्येक चौकट असं पोतं आहे. आत ठेवलेली वस्तू वेगळी आणि बाहेर दाखवलेली चिठ्ठी वेगळी. कागदी रजिस्टरात असे दोन थर नव्हते. शाईने लिहिलेलं १२/३ जे दिसायचं तेच असायचं. रजिस्टरावर हात बसलेल्या माणसाला हा फरक कुणी समजावून सांगितला नाही तर तो आपसूक कळणार नाही, आणि न कळणं हा त्याचा दोष नाही.

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. बारा आकड्यांचा आधार क्रमांक साध्या चौकटीत लिहिला की १.२३४५७ई+११ असं काहीतरी दिसतं. लोक घाबरतात आणि सगळे आधार परत टाइप करायला बसतात. गरज नसते. इथे फक्त चिठ्ठी बदलली आहे, आतला माल शाबूत आहे. चौकटीची मांडणी 'नंबर' करून दशांश शून्य ठेवले की बाराही आकडे परत दिसतात.

सोळा आकड्यांचं बँक खातं लिहिलं की मात्र मालच बदलतो. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा आकडे सांभाळतं, त्यापुढच्या जागी शून्य ठेवतं. १२३४५६७८१२३४५६७८ लिहा, आत १२३४५६७८१२३४५६७० राहील. शेवटचा ८ कायमचा गेला. फाइल कितीही वेळा उघडा, मांडणी कितीही बदला, तो आता फक्त शेतकऱ्याच्या पासबुकात आहे. खातं शून्याने सुरू होत असेल तर ते पुढचं शून्यही असंच गळून जातं, कारण संख्या म्हणून त्याला काही किंमत नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. ज्या आकड्यांची कधी बेरीज करायची नसते, ते आकडे खरं तर नावं असतात. दोन शेतकऱ्यांची खाती कुणी एकमेकांत मिळवत नाही, दोन खसऱ्यांची सरासरी कुणी काढत नाही. असे रकाने लिहायला सुरुवात करण्याआधीच निवडायचे आणि त्यांना 'टेक्स्ट' करून ठेवायचं. एखाददुसरीच चौकट असेल तर आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं. क्रम महत्त्वाचा आहे. त्या मुलाने टेक्स्ट केलं होतंच, पण लिहून झाल्यावर.

३. हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञ छोटी सांकेतिक नावं देतात. त्यांत काही नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. ही नावं एक्सेलमध्ये लिहिली की १ मार्च आणि २ सप्टेंबर व्हायची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या भागात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट२ चं सेप्टिन२. २०२३ मध्ये एक्सेलमध्येच हा आपोआप बदल बंद करण्याची सोय आली. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आणि बालाघाटचा तो मुलगा एकाच ठिकाणी ठेचकाळले होते.

दुसरी घटना जास्त गंभीर आहे. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून येणारे तपासणीचे निकाल 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही सरकारी संस्था एकत्र करत होती आणि त्या साखळीतला एक दुवा होता एक्सेलची जुन्या पद्धतीची फाइल. जुन्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, त्याहून एकही जास्त नाही. २००७ पासूनच्या नव्या पद्धतीत १०,४८,५७६ मावतात. एकेका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत होत्या, म्हणून एका फाइलमध्ये साधारण चौदाशेच रुग्ण बसत. फाइल भरली आणि पुढचे रुग्ण बाहेर राहिले. घंटा वाजली नाही, लाल अक्षरं आली नाहीत.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण कोण आलं हे शोधणाऱ्या पथकांकडे त्यांची नावं वेळेवर पोचली नाहीत. तो आठवडा परत मिळवता येणार नव्हता.

एक्सेल हिशोबाची वही आहे आणि वही म्हणून ती उत्तम आहे. लाखो नोंदी साठवून त्यांची ने-आण करायची तर त्यासाठी डेटाबेस नावाची वेगळी सोय असते, कोठारासारखी. घरातल्या कणगीत अख्ख्या मंडईचं धान भरायला गेलं की ते कुठेतरी सांडणारच, आणि कणगी काही बोलणार नाही.

४. बालाघाट हे नाव कुठे गेलं?

आता आपल्या भागातल्या सर्वांत मोठ्या वेळखाऊ सवयीकडे येतो. ही मला मनापासून सलते, कारण तिच्यात हजारो मेहनती माणसांचे तास जातात.

मध्य प्रदेशात कचेरीत, वकिलाच्या टेबलावर, तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात कृतिदेव हा फॉन्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. महाराष्ट्रातही जुन्या फॉन्टांची हीच परंपरा आहे. कृतिदेवची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरची. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला काही नवं शिकावं लागलं नाही, हा त्याचा मोठा गुण होता, आणि देवनागरीसाठी दुसऱ्या सोप्या सोयी फारशा नव्हत्या त्या काळात त्याने फार मोठं काम केलं.

पण तो चालतो कसा ते पाहा. कृतिदेवमध्ये 'बालाघाट' टाइप करा. पडद्यावर सुरेख बालाघाट दिसतं. संगणकाच्या पोटात काय असतं? सी, के, वाय, के, प्रश्नचिन्ह, के, के आणि मोठा व्ही. आठ इंग्रजी चिन्हं. फॉन्ट एवढंच करतो की सी च्या जागी ब चं चित्र दाखवतो, वाय च्या जागी ल चं. पुन्हा पोतं आणि चिठ्ठी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर किंवा मोबाइलवर ती फाइल उघडली की चिठ्ठी गळून पडते आणि निरर्थक इंग्रजी अक्षरांची ओळ उरते. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अंध कर्मचाऱ्याला तर ते पत्र 'सी के वाय के' असंच ऐकू येतं.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. क म्हणजे २३२५, ब म्हणजे २३४८, ल २३५४, व २३५७. फॉन्ट कोणताही लावा, मशीन कोणतंही घ्या, ब हा ब च राहतो. देवनागरीला हे क्रमांक १९९१ मध्ये, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच मिळाले.

फरक कामात कसा पडतो, ते जिल्ह्यातल्या पाच नावांवर करून बघू: कटंगी, बालाघाट, बैहर, लांजी, वारासिवनी. युनिकोडमध्ये ही नावं अक्षरांच्या क्रमाने लावायला सांगितली तर अशीच लागतात, क, ब, ल, व. कृतिदेवमध्ये संगणक पोटातली इंग्रजी अक्षरं बघतो. ब तिथे सी आहे, क डी आहे, व ओ आहे, ल वाय आहे. मग क्रम लागतो बालाघाट, बैहर, कटंगी, वारासिवनी, लांजी. तीनशे नावांची यादी अशी विस्कटली की माणूस बोटाने खालीवर नाव शोधत बसतो. शोधण्याची सोय वापरून युनिकोडमध्ये 'बालाघाट' शोधलं तर उत्तर येतं, सापडलं नाही, कारण त्या फाइलमध्ये बालाघाट हा शब्दच नाही.

मग पोर्टलवर माहिती भरायची वेळ येते. पोर्टलला युनिकोड लागतं. कृतिदेवचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत, पण त्यांतून निघालेला मजकूर वाचून नीट करावा लागतो. 'किसान' लिहिताना कृतिदेवमध्ये टाइपरायटरप्रमाणे पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये क आधी. रफाराचीही अशीच उलथापालथ. समजा, दोन पानी पत्र निस्तरायला दहा मिनिटं लागतात आणि दिवसाला अशी सहा पत्रं असतात. रोजचा एक तास. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पंचवीस तास, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने तीन पूर्ण दिवस आणि वर एक तास. महिन्यातले तीन दिवस एक माणूस आधी झालेलंच काम पुन्हा करतो, आणि हजेरीपटावर ते कामाचे दिवस म्हणूनच लागतात.

आणि यातून बाहेर पडायला बोटांची सवय मोडावी लागत नाही, हे अजून पुष्कळांपर्यंत पोचलेलं नाही. रेमिंग्टन गेल नावाची कळफलक-मांडणी आहे. कळा जवळपास त्याच, पोटात जातं ते युनिकोड. मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकऱ्यांसाठी जी सीपीसीटी परीक्षा होते, तिच्यात हिंदी टायपिंगला रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट याच दोन मांडण्या आहेत. म्हणजे तरुण मुलं युनिकोडवर परीक्षा पास होऊन कार्यालयात येतात आणि "आपल्याकडे कृतिदेवच चालतं" असं ऐकून मागे वळतात. याचं मला फार वाईट वाटतं.

५. कागदाने झाकून ठेवलं

इतकी वर्षं हे कुणाला खटकलं कसं नाही? याचं उत्तर मला प्रिंटरमध्ये सापडतं.

जोवर प्रत्येक कामाचा शेवट छापील कागदावर होत होता, तोवर दिसणं पुरेसं होतं. साहेब प्रिंट बघतात, सही करतात, कागद फाइलला लागतो. पत्ता उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार चाळीस वेळा दाबला काय किंवा वर्डमधली उजवीकडे नेण्याची सोय वापरली काय, कागदावर दोन्ही सारखंच. नवं पान हवं म्हणून एंटर बारा वेळा दाबला तरी छापून येतं ते नवं पानच. त्या पत्रात एक ओळ वाढवली की सगळं घसरतं. मग पुन्हा स्पेस, पुन्हा एंटर. टाइपरायटरवर जागा सोडण्याचा हाच मार्ग होता, आणि हात तोच मार्ग धरून राहिले.

बेरजेचंही तसंच. एक्सेलमध्ये २२, ३५, १८ क्विंटल लिहायचं, शेजारच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करायची आणि खाली ७५ टाइप करायचं, हे मी कितीतरी टेबलांवर पाहिलं आहे. कागदावर ती बेरीज बरोबरच असते. उद्या १८ चे २८ झाले की सूत्र लिहिलेली चौकट आपोआप ८५ दाखवते, हाताने लिहिलेली ७५ वरच बसून राहते आणि तशीच पुढे पाठवली जाते.

आता शेवट कागदावर होत नाही. फाइल पुढच्या टेबलाकडे जाते, तिथून पोर्टलवर, पोर्टलवरून बँकेकडे. पुढे वाचणारं यंत्र डोळ्यांनी वाचत नाही, ते आत ठेवलेलं वाचतं. छापून, सही करून, स्कॅन करून पाठवलेली यादी हे त्यातलं सर्वांत खर्चिक रूप. आतली तीनशे नावं मिटवून त्यांचं एक चित्र पाठवलं जातं आणि पलीकडचा माणूस ते चित्र बघून तीनशे नावं परत टाइप करतो. एका नावाला एक मिनिट धरलं तरी पाच तास. ज्याने स्कॅन केलं त्याची दोन मिनिटं वाचली, म्हणून त्याला हे नुकसान कधी दिसतच नाही. नुकसान एकाच्या टेबलावर जन्मतं आणि दुसऱ्याच्या टेबलावर फेडलं जातं. माझ्या मते उशिराचं खरं मूळ इथे आहे.

६. शाफ्ट आणि पट्टे

नव्या यंत्राकडून जुनंच काम करून घेण्याची ही सवय संगणकाच्या आधीपासूनची आहे. ज्यांनी जुनी धानाची गिरणी पाहिली आहे त्यांना ती चटकन उमजेल. एका कोपऱ्यात एक मोठं इंजिन, त्याने फिरणारा लांब शाफ्ट, आणि शाफ्टवरून पट्टे लावून एकेक यंत्र फिरवायचं. पट्टा तुटला की तेवढं काम बंद, इंजिन बिघडलं की सगळी गिरणी बंद. यंत्रं कुठे ठेवायची ते शाफ्ट ठरवायचा.

अमेरिकेतले कारखाने वाफेच्या काळात असेच होते. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. कारखानदारांनी पुढे काय केलं? अनेकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी विजेची मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच. उत्पादनात फारसा फरक पडला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर देऊन, कामाच्या ओघाप्रमाणे कारखाना नव्याने मांडायला सुरुवात झाली तेव्हा कुठे उत्पादकतेने उडी घेतली, आणि तोवर १९२० चं दशक उजाडलं होतं. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये ही तुलना संगणकाशी करून दाखवली. त्याच्या तीन वर्षं आधी रॉबर्ट सोलो यांनी असं बोट ठेवलं होतं की संगणक सगळीकडे दिसतात, पण उत्पादकतेच्या आकड्यांत त्यांचा परिणाम दिसत नाही.

टाइपरायटरच्या जागी वर्ड आणि रजिस्टराच्या जागी एक्सेल ठेवणं म्हणजे जुन्या शाफ्टला नवी मोटर जोडणं. एकट्या ऑपरेटरला ते बदलता येत नाही. यादी युनिकोडमध्ये मागायची, प्रिंटऐवजी फाइल तपासायची, एकाच फाइलच्या 'अंतिम', 'अंतिम नवी' अशा सात प्रती फिरण्याऐवजी एकच फाइल सगळ्यांनी उघडायची, हे वरच्या खुर्चीने ठरवावं लागतं. प्रशिक्षण बहुतेकांना एकदाच मिळतं, परीक्षेपुरतं. वर्षातून एक दुपार जरी आपल्याच कार्यालयातली आपलीच यादी पुढ्यात घेऊन बसलं, तरी पुष्कळ गोष्टी उलगडतात.

त्या तीनशे नावांच्या यादीत खसरे दुरुस्त करायला आम्हाला तासभर लागला, कारण दिसणाऱ्या तारखेवरून मूळ आकडा ओळखता येत होता. खात्यांचं तसं नव्हतं. सोळा आकड्यांच्या प्रत्येक खात्याच्या शेवटी शून्य होतं, आणि त्यातलं कुठलं शून्य खरं, कुठलं एक्सेलने ठेवलेलं, हे सांगायला फाइल असमर्थ होती. दोन दिवस फोन करण्यात गेले. बैहरकडचे एक म्हातारे शेतकरी शेतातून घरी जाऊन, ट्रंकेतून पासबुक काढून, एकेक आकडा थांबत थांबत वाचत होते. मुलाने फोन खांद्याला आणि कानाला दाबून धरला, "बाबा, एक मिनिट थांबा" म्हणाला, पूर्ण रकाना निवडून टेक्स्ट केला, आणि मग पहिला आकडा लिहून घेतला.